रात्रीची दारू दुसऱ्या दिवशी बाधू नये म्हणून काय करावे? परभणीच्या लग्नाआधी सल्ला हवा आहे

बालाघाटी_वाटसरू (उदगीर) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. येत्या मे महिन्यात माझ्या पुतण्याचे लग्न परभणीला आहे. आदल्या दिवशी हळद आहे आणि हळदीच्या रात्री सोयऱ्यांची बैठक बसणार हे आताच ठरल्यासारखे आहे. मी वर्षातून चार-पाच वेळाच घेणारा माणूस आहे, परंतु दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी वऱ्हाडाची एक जीप मलाच चालवायची असल्यामुळे या वेळी अगोदरच विचारून घेत आहे.

विचारण्याचे कारण मागच्या माघ महिन्यात घडले. मित्राच्या शेतावर कंदुरी होती. रात्री आठला बसलो आणि बाराला उठलो. तेवढ्या वेळात मी एक मोठी बाटली स्ट्राँग बिअर आणि त्यावर व्हिस्कीचे तीन मोठे पेग घेतले. मटण शिजायला उशीर झाला, त्यामुळे पोटात शेंगदाणे आणि फरसाण यांच्याशिवाय काही नव्हते. जेवण साडेबारानंतर झाले. सकाळी सहाला तोंड कोरडे पडून जाग आली. डोके जड होते, पण फार दुखत नव्हते. रिकाम्या पोटी कोऱ्या चहाबरोबर पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या घेतल्या आणि साडेसहाला पिकअप घेऊन निघालो. वाटेत उसाने भरलेली एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. ती मला अगदी शेवटच्या क्षणी दिसली आणि गाडी कशीबशी वाचली. उजेड चांगला होता, रस्ता ओळखीचा होता, तरीही असे का झाले याचे उत्तर मला आजही सापडलेले नाही. विशेष म्हणजे डोके खरे फुटायला लागले ते सकाळी दहाच्या सुमारास. त्यानंतर दोन उलट्या झाल्या आणि दिवसभर दुकान बंद ठेवावे लागले.

लोक अनेक उपाय सांगतात. बसण्याआधी चमचाभर तूप प्यावे, बिअरवर व्हिस्की घेऊ नये, झोपण्यापूर्वी गोळी घ्यावी, सकाळी लिंबू पिळून ताक घ्यावे. माझे थोरले साडू म्हणतात की हे सगळे व्यर्थ आहे, सकाळी उठल्यावर एक लहान पेग उतारा म्हणून घेतला की माणूस जागेवर येतो, आणि ते स्वतः तसेच करतात. यातले खरे काय आणि खोटे काय, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

वाळूजकर यांचे उत्तर

दादा, मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मद्यनिर्मितीच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या कामावर २२ वर्षे होतो. त्यामुळे बाटलीत काय असते एवढ्यापुरतेच बोलतो, शरीरात काय होते ते डॉक्टर मंडळी सांगतील.

प्रथम मापाबद्दल. आपल्याकडे माणूस ‘एक बिअर आणि तीन पेग’ असे मोजतो, म्हणजे त्याच्या हिशेबात चारच गोष्टी झालेल्या असतात. परंतु व्हिस्की, रम किंवा ब्रँडीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते, त्या हिशेबाने ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असते आणि ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये २० ग्रॅम. स्ट्राँग म्हणून विकली जाणारी बिअर ८ टक्क्यांपर्यंत असू शकते, आणि ६५० मिलिलिटरची तशी एक बाटली म्हणजे ४१ ग्रॅम. एका बाटलीत चार लहान पेग बसतात हे आपल्या भागात फार थोड्या लोकांना ठाऊक असते, कारण बिअर म्हणजे थंडाव्यासाठी घ्यायची वस्तू असा आपला समज आहे. तुमच्या त्या रात्रीचा हिशेब १०० ग्रॅमच्या थोडा पुढे जातो. लहान पेगमध्ये सांगायचे तर दहा पेग झाले. आकडा डोळ्यांपुढे असता तर तुम्ही बहुधा निम्म्यावरच थांबला असता.

बिअरवर व्हिस्की घेतल्याने त्रास वाढतो ही समजूत जगभर आहे. जर्मनीतील विटेन-हेर्डेके विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९० स्वयंसेवकांना बिअर आणि वाईन वेगवेगळ्या क्रमाने देऊन पाहिली, तेव्हा क्रमामुळे दुसऱ्या दिवशीच्या त्रासात काहीही फरक पडला नाही. कोणाला जास्त त्रास होणार, हे त्या रात्री त्याला किती चढली आणि उलटी झाली की नाही यावरून जास्त कळले. दोन्ही घेणाऱ्याला त्रास होतो तो मुख्यतः एकूण प्रमाण वाढल्यामुळे. बिअरने सुरुवात केल्यावर माणूस व्हिस्कीही पाण्यासारखी घोटू लागतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता रंगाबद्दल. आंबवण्याच्या क्रियेत इथेनॉलबरोबर, म्हणजे नशा आणणाऱ्या नेहमीच्या अल्कोहोलबरोबर, मिथेनॉल, जड अल्कोहोले, एस्टर असे इतर पदार्थही थोड्या प्रमाणात तयार होतात आणि लाकडी पिंपात मुरताना त्यांत भर पडते. गडद मद्यात ते जास्त असतात, व्होडकात फार कमी. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बरबन ही गडद व्हिस्की घेतलेल्यांना व्होडका घेतलेल्यांपेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त वाईट वाटले. पण लक्ष आणि प्रतिसादाचा वेग दोन्ही गटांत सारखाच घसरला होता, आणि गाडी चालवणाऱ्याने हा दुसरा भाग विसरू नये. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. इथल्या स्वस्त व्हिस्की-रममध्ये बहुतांश भाग उसाच्या मळीपासून काढलेल्या शुद्ध स्पिरिटचा असतो आणि रंग जळवलेल्या साखरेचा असतो. म्हणून ग्लासातला रंग पाहून ‘ही बाधेल, ती बाधणार नाही’ असे ठरवता येत नाही.

शेवटचे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. लग्नाच्या रात्री बाटल्या संपल्या की कोणीतरी मोटारसायकल पिटाळून जे मिळेल ते घेऊन येतो, आणि हातभट्टीची दारू बैठकीत येते ती अशा वेळीच. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे गेली ती मिथेनॉलच्या विषबाधेने. देगलूर, बिलोली, धर्माबाद या पट्ट्यात शिंदीचे चलन आहे, आणि सीमेपलीकडे तेलंगणात शिंदीत क्लोरल हायड्रेट आणि अल्प्राझोलमसारखी गुंगीची औषधे मिसळल्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. अशा पेयाने दुसऱ्या दिवशी जे होते त्याला हँगओव्हर म्हणून घरी पडून राहणे जिवावर बेतू शकते. पिऊन बारा ते चोवीस तास झाल्यावर धुक्यातून पाहिल्यासारखे अंधुक दिसू लागले, पोटात जोराने दुखू लागले किंवा श्वास भराभर चालू लागला, तर लिंबू-ताक करत बसू नका. माणसाला उचलून थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि काय प्याले होते ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मिथेनॉलवर उपचार आहे, पण तो वेळेत मिळाला तरच डोळे आणि जीव वाचतो.

ग्रामीण_वैद्य (अंबाजोगाई परिसर) यांचे उत्तर

वाळूजकरांनी मापाचा पाया घालून दिल्यामुळे माझे काम सोपे झाले आहे.

अल्कोहोल यकृतात दोन टप्प्यांनी मोडले जाते. पहिल्या टप्प्यात त्याचे ॲसिटाल्डिहाइड होते, जे अल्कोहोलपेक्षाही जास्त विषारी आहे, आणि दुसऱ्या टप्प्यात त्याचे निरुपद्रवी ॲसिटेट होते. या कामाचा वेग जवळजवळ ठरलेला असतो. प्रौढ माणसाचे यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक लहान पेग, एवढेच निपटू शकते. चहा, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, धावणे, घाम काढणे यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. कॉफीमुळे झोप उडते, पण रक्तातले अल्कोहोल आहे तिथेच राहते.

आता आपण आपल्या त्या ट्रॉलीकडे येऊ. १०० ग्रॅमच्या थोडे पुढे अल्कोहोल, तासाला ८ ग्रॅम असा वेग, आणि सुरुवात रात्री आठला. या हिशेबाने आपले रक्त पूर्ण स्वच्छ व्हायला सकाळचे पावणेनऊ वाजले असतील. साडेसहाला आपण चाकामागे बसलात तेव्हा शरीरात अजून १८ ग्रॅमच्या आसपास शिल्लक होते. सत्तर किलोच्या पुरुषात ते १०० मिलिलिटर रक्तामागे ४० मिलिग्रॅमच्या घरात जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे त्या सकाळी आपल्याला हँगओव्हर झालेला नव्हता, आपण अजून प्यालेल्या अवस्थेतच होता आणि झोप झाल्यामुळे आपल्याला ते जाणवले नाही. ट्रॉली उशिरा का दिसली, याचे उत्तर मला तरी यात दिसते. हँगओव्हरचा जोर चढतो तो रक्तातले अल्कोहोल शून्याच्या जवळ येते तेव्हा, आणि आपले डोके दहाला फुटू लागले हे या गणिताशी तंतोतंत जुळते.

हँगओव्हर म्हणजे केवळ शरीरातले पाणी कमी होणे, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धवट सत्य आहे. अल्कोहोलमुळे व्हासोप्रेसिन हे संप्रेरक दबते, लघवी जास्त होते आणि म्हणून तोंड कोरडे पडते, हे खरे आहे. परंतु त्याबरोबरच जठराच्या अस्तराला दाह होतो, शरीरात सूज आणणारी रसायने वाढतात, रक्तातली साखर उतरू शकते आणि झोप मोडते. पहिल्या प्रहरात माणूस मेल्यासारखा झोपतो, पण उत्तररात्री झोप सारखी चाळवते, म्हणून सात तास पडून राहूनही शरीर थकलेलेच राहते. त्यामुळे रात्री तांब्याभर पाणी प्यायल्याने तहान आणि कोरडेपणा नक्की कमी होईल, पण मळमळ आणि डोकेदुखी त्याने टळेलच असे नाही. तरीही मे महिन्यात परभणीत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, मंडपात घाम निथळत असतो, आणि अशा दिवशी शरीर आधीच कोरडे असणे उष्माघाताला आमंत्रण आहे. म्हणून प्रत्येक पेगनंतर एक पेला पाणी घ्यावे. त्याचा दुसरा फायदा असा की पिण्याचा वेग आपोआप मंदावतो. सकाळी ओआरएस घ्यावे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. जिरे-मीठ घातलेले पातळ ताकही उत्तम.

तुपाबद्दल सांगायचे तर ते जठराला आतून लेप देते ही कल्पना चुकीची आहे. मात्र पोटात स्निग्ध आणि भरभक्कम अन्न असले की जठर हळूहळू रिकामे होते, आणि अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यातून शोषले जात असल्यामुळे ते रक्तात सावकाश चढते. त्यासाठी चमचाभर तूप पुरत नाही. जेवण हवे, आणि तेही पहिल्या पेगच्या आधी.

उपायांच्या शास्त्रीय तपासणीबद्दलही सांगतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००५ साली तोपर्यंतच्या चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला, आणि हँगओव्हर टाळण्यासाठी किंवा बरा करण्यासाठी कोणताही उपाय परिणामकारक असल्याचा ठोस पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. न पिणे किंवा कमी पिणे एवढाच खात्रीचा मार्ग त्यांनी सांगितला. २०२२ मध्ये झालेल्या नव्या आढाव्यातही चित्र फारसे बदललेले नाही. त्यामुळे आपण विचारलेल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की हँगओव्हर टाळायचा असेल तर पेगची संख्या बसण्याआधी ठरवावी लागते, बसल्यावर ती ठरत नाही. जीप चालवायची असेल तर ती संख्या शून्य असावी. चालवायची नसेल आणि घ्यायचीच असेल, तर जेवण करून तीन तासांत दोन लहान पेग आणि रात्री अकरानंतर काही नाही, एवढे पाळल्यास सकाळी बहुधा त्रास होणार नाही. यालाही मी निरोगी म्हणणार नाही. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे.

साडूंच्या उताऱ्याबद्दल मुद्दाम शेवटी लिहितो. सकाळचा पेग हँगओव्हर बरा करत नाही, तो फक्त पुढे ढकलतो, आणि यकृतावरचे काम वाढवतो. पण माझी खरी काळजी वेगळी आहे. साडू हे कधीतरी करतात, की रोज? आणि सकाळी तो पेग घेण्याआधी त्यांचे हात थरथरतात का? कृपया कळवा.

येसर_आमटी (लातूर) यांचे उत्तर

डॉक्टरसाहेबांनी जेवणाचे सांगितले, त्यावर घरातल्या बाईच्या बाजूने थोडे लिहिते.

आमच्याकडे कंदुरी असो की हळद, पुरुषांचे बसणे आधी आणि जेवण नंतर, अशीच रीत आहे. चुलीवरचे मटण मुद्दाम उशिरा उतरवले जाते, कारण ‘बैठक उठल्याशिवाय ताटे वाढायची नाहीत’ असे वडीलधारे सांगतात. चार-पाच तास रिकाम्या पोटी प्यायची आणि मध्यरात्री तिखट रश्श्यावर ताव मारून लगेच आडवे व्हायचे, यात दुसऱ्या दिवशीची पित्ताची उलटी ठरलेलीच असते. मी सून म्हणून या घरात आल्यापासून दर वेळी सकाळी ओसरीवर माणसे डोके धरून बसलेली पाहिली आहेत, आणि त्यांची उष्टीखरकटी काढणाऱ्या बायकाही पाहिल्या आहेत, ज्यांची रात्रभर झोप झालेली नसते.

तीन वर्षांपूर्वी दिराच्या लग्नात मी सासूबाईंना विनंती करून वेळ बदलून घेतली. साडेसातलाच बाजरीची भाकरी, येसर आमटी, भात आणि वर तूप असे पूर्ण जेवण वाढले, ज्यांना मटण हवे त्यांना तेही तेव्हाच दिले. पुरुषांनी सुरुवातीला कुरकूर केली, पण पोट भरल्यावर बैठक आपोआप दीड तासात आटोपली आणि आणलेल्यांपैकी बऱ्याच बाटल्या न उघडता परत गेल्या. सकाळी नवरदेवाच्या मागे उभी राहणारी माणसे ताजीतवानी होती. चकण्यात फरसाण आणि खारे शेंगदाणे न ठेवता काकडी, उकडलेली अंडी आणि दह्याची कोशिंबीर ठेवली. खाऱ्या पदार्थाने तहान वाढते आणि माणूस ती ग्लासातल्या दारूनेच भागवतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. सकाळी ज्वारीची आंबील करून ठेवली होती, ती मळमळणाऱ्या पोटालाही सोसते.

भाऊ, परभणीच्या घरातल्या बायकांशी आताच बोलून ठेवा. स्वयंपाकाची वेळ आयत्या वेळी बदलत नाही.

औषधी_परभणी यांचे उत्तर

गेली १५ वर्षे परभणीत माझे औषधाचे दुकान आहे. लग्नसराईत सकाळी आठ ते अकरा या वेळेत येणारी मागणी मला पाठ झाली आहे, म्हणून गोळ्यांविषयी लिहितो.

पॅरासिटामॉलचा काही भाग यकृतात विषारी द्रव्यात रूपांतरित होतो, आणि ते निष्प्रभ करणारा ग्लुटाथिऑन हा पदार्थ नेहमी पिणाऱ्या किंवा उपाशी राहणाऱ्या माणसात कमी असतो. वर्षातून चारदा घेणाऱ्या निरोगी माणसाने जेवणानंतर एखादी गोळी घेतल्याने अनर्थ होत नाही, पण रोज पिणाऱ्याने उपाशीपोटी दोन-दोन गोळ्या दिवसातून अनेकदा घेणे यकृताला नक्की महागात पडते. ‘मग ती नको, दुसरी द्या’ म्हणून लोक आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन मागतात. दारूने आधीच सोललेल्या जठरावर या गोळ्या आणखी घाव घालतात आणि रक्तस्राव होऊ शकतो. काळी शौचास होणे किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसणे ही त्याची खूण आहे, आणि त्यावर दुकानातून औषध न घेता दवाखाना गाठावा. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळीने छातीतली जळजळ कमी होते, बाकी त्रासावर तिचा उपयोग नाही.

अलीकडे ‘पिण्याआधी घ्या आणि सकाळी ताजे राहा’ अशा जाहिराती करून गोळ्या आणि चूर्णे विकली जातात. अशा उत्पादनांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२० मध्ये सात कंपन्यांना ताकीदपत्रे दिली होती. माझ्या दुकानात त्या मी ठेवत नाही. गोळी घेतली म्हणजे संरक्षण मिळाले, या भरवशावर माणूस दोन पेग जास्तच घेतो. यकृताच्या टॉनिकांचेही तसेच आहे.

मधुमेहाचा मुद्दा अजून कोणी काढला नाही, म्हणून तो ठळकपणे सांगतो. यकृत उपाशीपणी साखर तयार करून रक्तात सोडत असते, आणि अल्कोहोल ते काम अडवते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या माणसाने न जेवता दारू घेतली तर पहाटे साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम फुटणे, बरळणे, शुद्ध हरपणे हे सगळे पाहून घरचे म्हणतात की ‘जास्त झाली आहे, झोपू द्या’, आणि तिथेच घात होतो. अशा माणसाला जाग येत असेल तर लगेच साखरपाणी द्या. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू असेल तर दारू घेऊ नये, असे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. झोपेच्या गोळ्यांबरोबर तर ती कदापि घेऊ नये, कारण दोन्ही मिळून श्वास मंद करतात.

बालाघाटी_वाटसरू (उदगीर) यांचे पुन्हा लेखन

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. जीपसाठी चालक ठरवण्याचे आजच परभणीला कळवले आहे, आणि मी हळदीच्या रात्री घेणार नाही. वहिनींशीही बोललो. जेवण साडेसातला वाढायचे त्यांनी मान्य केले आहे, किंबहुना त्यांना तेच हवे होते. साडेसहाला मी प्यालेल्या अवस्थेत गाडी चालवत होतो, हे वाक्य मी तीनदा वाचले. त्या दिवशी माझा मुलगा शेजारच्या सीटवर होता, हे मी पहिल्या प्रश्नात लिहिले नव्हते.

डॉक्टरसाहेब, साडूंबद्दल आपण विचारलेत. ते गेल्या दहा-बारा वर्षांपासून रोज घेतात आणि उतारा आता रोजचाच झाला आहे. सकाळी त्यांच्या हातात चहाचा कप ठरत नाही, पेग घेतल्यावर ठरतो. आम्ही त्याला कमजोरी समजत होतो. मागच्या श्रावणात त्यांनी नेमाने एकदम बंद केली होती, तेव्हा तिसऱ्या दिवशी रात्री ते भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ओरडू लागले आणि कोणाला ओळखेनात. घरच्यांना ती बाहेरची बाधा वाटली, नारळ-लिंबू उतरवून टाकले, आणि शेवटी कोणीतरी पुन्हा दारू पाजली तेव्हा ते शांत झाले. तेव्हापासून ‘बंद केली तर मरतील’ अशी घरात भीती बसली आहे. बायकोच्या बहिणीला काय सांगावे, ते कळत नाही.

ग्रामीण_वैद्य यांचे उत्तर

चालक ठरवलात, फार चांगले केलेत.

साडूंना हँगओव्हर होत नाही. त्यांच्या मेंदूला दारूची सवय जडली आहे, आणि रात्रभरात रक्तातले अल्कोहोल उतरले की शरीर ते मागू लागते, म्हणून हात थरथरतात. श्रावणात जे घडले ती बाधा नव्हती. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने एकाएकी थांबवल्यावर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम, आभास, ताप, घाम अशी अवस्था येऊ शकते. उपचार न मिळाल्यास त्यात मृत्यूही होतो. त्यामुळे घरच्यांची भीती निराधार नाही, फक्त तिचा अर्थ ‘दारू सोडूच नये’ असा होत नाही. दारू सोडवावी, पण घरी, नवस बोलून, एका दिवसात सोडवू नये, एवढाच तो अर्थ आहे.

रुग्णालयात दाखल करून काही दिवस ठरावीक मात्रेत शामक औषधे आणि थायामिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली तर हा काळ बहुतेकांत सुरक्षितपणे पार पडतो. लातूर, नांदेड, अंबाजोगाई आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या मनोविकार विभागात घेऊन जा. तिथे आत शिरताना लोकांना संकोच वाटतो, पण माझे कित्येक रुग्ण त्याच दारातून जाऊन आज शेती करत आहेत. जाण्याआधी बोलायचे असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानस १४४१६ हे दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत.

आपल्या मेहुणीबाईंना तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवायला सांगा: साडू रोज किती आणि कोणती घेतात, शेवटचा पेग कोणत्या वेळी घेतला, आणि श्रावणात कोणत्या दिवशी काय काय झाले. झटका आला होता का, हेही त्यात असू द्या. तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. तोवर सकाळची दारू घरच्यांनी बळजबरीने काढून घेऊ नये, त्यांना दोन वेळचे जेवण पोटभर मिळेल एवढे पाहावे, आणि मोटारसायकलची किल्ली मात्र आजच काढून घ्यावी. लग्नाच्या आधी दाखल करता आले तर लग्नाची वाट पाहू नका. हळदीच्या बैठकीनंतर हे काम आणखी अवघड होईल.